ठाकूरसाहेबांची भीती

आमच्या रोह्याच्या कंपनीत ठाकूरसाहेब कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी हात लावून बघत. यंत्राला नव्हे, स्वतःच्या छातीला. "धडधडतंय. म्हणजे मी शुद्धीवर हाय," असं म्हणून मगच बटण दाबत. पेणहून रोज गाडीने येणारा हा इंजिनिअर इतका भित्रा, की आम्ही ऑपरेटर मंडळी त्यांची मनसोक्त टिंगल करायचो. ते म्हणत, "हसा. भ्यालेला माणूस संध्याकाळी घरी जातो."

नव्वदच्या दशकात आमचा पावडरीचा मोठा मिक्सर ऑटोमॅटिक झाला. एक बटण दाबलं की माल ओतण्यापासून पाती फिरवण्यापर्यंत सगळं आपोआप. फक्त मागचं दार उघडं असलं की तो सुरू होत नसे आणि पॅनेलवर लाल दिवा लागे.

खंडेनवमीला मिक्सर धुतला, हार घातला, नारळ फोडला. मॅनेजरांनी बटण दाबलं, तर लाल दिवा. पुन्हा दाबलं, तरी तेच. ऐन पूजेला यंत्र अडलं म्हणून त्यांचा चेहरा उतरला. आदल्या वर्षीही धुताना दाराच्या स्विचमध्ये पाणी गेलं होतं आणि पॅनेलमध्ये तारेचा तुकडा जोडून, दार बंदच आहे असं यंत्राला भासवून आम्ही वेळ मारून नेली होती. आताही तसंच करा, असं मॅनेजर म्हणाले. आम्हा सगळ्यांनाही तेच वाटत होतं.

ठाकूरसाहेबांनी पॅनेल उघडलं, तार सोलली, एक टोक जोडलं आणि थांबले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मॅनेजरांनी घाई केली, मागे कोणीतरी हसलं.

"माझ्याच्यानं व्हत नाय," ते म्हणाले. "आधी दार बघून येतो."

ते शिडी चढून मिक्सरच्या मागे गेले. मग त्यांचा आवाज आला.

"सुदाम, हळू बाहेर ये."

सुदाम आमचा हेल्पर, जवळच्या खांब गावचा. हार बाहेरून घातला, पण खरी राबतात ती आतली पाती, त्यांना कुंकू कोण लावणार, म्हणून नारळ फुटत असताना तो मागच्या दाराने आत उतरला होता. शेजारच्या पंख्याच्या घरघरीत त्याला आमचं काहीच ऐकू गेलं नव्हतं. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं कुंकवाने लाल होती.

दिवाळीआधीच ठाकूरसाहेबांनी नोकरी सोडली. मी पेणला त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, साहेब, तुमच्यामुळे सुदाम वाचला. त्यांनी स्वतःचे हात माझ्यापुढे धरले.

"एक टोक मी जोडलं व्हतं रे," ते म्हणाले.