बघून सांगतो

‘माहीत नाही’ हे दोन शब्द इतक्या ऐटीत उच्चारणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि तेही कुठे, तर सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात, सरकारी इस्पितळात, आमच्या सरांच्या राउंडवर! तिथे हे दोन शब्द तोंडातून काढण्यापेक्षा आम्ही हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर मंडळींनी विष घेणं पसंत केलं असतं. आमच्या युनिटचा दंडकच तसा होता. सकाळी आठच्या ठोक्याला सर वॉर्डात शिरत आणि अर्ध्या तासात चाळीस खाटा पालथ्या घालत. केसपेपर हातात धरायचा नाही, सगळे रिपोर्ट तोंडपाठ हवेत. “कागद वाचून तर माझा ड्रायव्हरही सांगेल,” असं ते म्हणत. आता रिपोर्ट लॅबमधून येणार दुपारी आणि सर येणार आठला. मग आम्ही काय करायचो, तर सरळ ठोकून द्यायचो. हिमोग्लोबिन साडेदहा, साखर नॉर्मल, लघवी नॉर्मल. दोन-दोन दिवस पाठ न टेकलेली माणसं किती सफाईने खोटं बोलू शकतात, हे मला तिथे कळलं.

एकटा माझा रूम-पार्टनर तेवढा छाती काढून म्हणायचा, “माहीत न्हाय, सर. बघून सांगतो.” रोज सगळ्या वॉर्डासमोर त्याची बिनपाण्याने होई. सिस्टर, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, सगळे ऐकत असत. हा मान खाली घालून सगळं ऐकून घेई आणि सर दम घ्यायला थांबले की विचारी, “मग येऊ का बघून?”

मूळचा तो कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि दोन्हींत सारखाच हट्टी. आम्हाला जेवायला सवड मिळेलच असा भरवसा नसे, म्हणून त्याच्या एप्रनच्या एका खिशात कायम कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणीची पुडी असायची. त्यामुळे त्याचा एप्रन लांबूनही तिखट वास मारी. पण ती भाकरी त्याच्या पोटात क्वचितच गेली. कुठल्याही म्हातारीला तपासण्याआधी तो विचारायचा, “ऊटा आतेन यव्वा?” जेवलीस का, आई? ती नाही म्हणाली की भाकरी तिच्या हातावर. मग स्वारी माझे खिसे चाचपायला लागे.

त्याहून मोठं वेड म्हणजे पापण्यांचं. रिपोर्टवर विसंबण्यापेक्षा डोळ्याची खालची पापणी ओढून आतली लाली बघावी, अंगात रक्त किती ते लगेच समजतं, असं त्याचं ठाम मत. ते पेशंटपुरतं असतं तर ठीक होतं. पण त्याने कॅन्टीनवाल्याची पापणी ओढली, एसटीच्या कंडक्टरची ओढली. शुक्रवार पेठेतल्या एका लग्नात तर आहेर देता देता नवरीचीच ओढली आणि नवरदेवाला म्हणाला, “रक्त लई कमी हाय. पालेभाजी चारा की जरा!” त्या दिवशी आम्हाला जेवणाचं ताट सोडून मागच्या दाराने पळावं लागलं.

सर्जन होण्याचा त्याला ध्यास होता. मागाचं सूत कुठून तरी मिळवायचं आणि आमच्या खोलीच्या खिडकीच्या गजाला ऑपरेशनच्या गाठी मारत बसायचं, हा त्याचा सुट्टीचा उद्योग. एका हाताने, डोळे मिटून, गप्पा मारता मारता तो गाठ मारी. आमच्या खिडकीतून उजेड येईनासा झाला होता.

मग रजिस्ट्रारची जागा निघाली. जागा एक आणि उमेदवार आम्ही दोघं. ती मिळाली तरच पुढे सर्जन होता येणार. त्याच आठवड्यात मंद्रूपची एक बाई पोटातल्या गाठीसाठी दाखल झाली होती. ऑपरेशन ठरलं होतं त्या दिवशी सकाळी दहाला. त्या सकाळच्या राउंडवर सर तिच्या खाटेपाशी माझ्याकडे वळले. “हिमोग्लोबिन?”

“साडेनऊ, सर,” मी म्हणालो. बोलून गेल्यावर मला आठवलं की बाईचं रक्त मी काढलेलंच नाही. तरी मी पुढच्या खाटेचा आकडा मनात जुळवू लागलो. सर पुढच्या खाटेकडे निघालेही होते.

तेवढ्यात मागून माझ्या पार्टनरचा आवाज आला, “थांबा, सर. हिची पापणी पांढरीफटक हाय. रक्त काढायचं काम माझ्याकडं होतं, मी विसरलो. त्याला साडेनऊ मीच सांगितलं.”

ज्याने जन्मात एक आकडा ठोकून दिला नव्हता, त्याने माझा आकडा आपल्या नावावर घेतला. रक्त तपासलं तर साडेचार निघालं. तशीच टेबलावर घेतली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करू शकत नाही. तिला रक्त चढवलं, ऑपरेशन दोन आठवड्यांनी झालं आणि बाई चालत घरी गेली. रजिस्ट्रार मी झालो. तोंड उघडायची संधी मला रोज होती आणि मी रोज ते मिटून ठेवलं. कारणं ढीगभर सांगता येतील, पण खरं एवढंच की मी भ्यालो. तो ट्रंक उचलून निघाला तेव्हा मी कसंबसं काही पुटपुटलो, तर म्हणाला, “तू तवा उभ्या उभ्या झोपला होतास की! झोपेतलं बोलणं कुणी धरतंय व्हय?”

पुढे मी पुण्यात सर्जन म्हणून नाव कमावलं. बऱ्याच वर्षांनी धीर करून दुधनीला गेलो. त्याच्या छोट्या दवाखान्यात बाकावर गर्दी होती. मला पाहताच त्याने आधी माझी पापणी ओढली आणि मग मिठी मारली. भाकरी झाली, चटणी झाली. बोलता बोलता माझं लक्ष त्याच्या खिडकीकडे गेलं. गजाला सुताच्या ताज्या गाठी होत्या.

मला राहवलं नाही. “खरं सांग, ती जागा गेल्याचं तुला कधी वाईट वाटलं का रे?”

त्याने गजावरची एक गाठ ओढून बघितली. मग म्हणाला, “माहीत न्हाय रे. बघून सांगतो.”

दर दिवाळीला त्याच्याकडून शेंगाचटणीचा पुडा येतो. चटणी डब्यात काढायच्या आधी मी पुडा उलटसुलट करून त्यात चिठ्ठी आहे का ते बघतो.