शकूआत्याची डिकीवाली गाडी

शाळेजवळचा गतिरोधक दिसला की शकूआत्या गाडी थांबवायची आणि मागे न बघताच हुकूम सोडायची, "उतरा!" मग मागे बसलेले सगळे निमूट उतरायचे. कुणाच्या कडेवर मूल असो, कुणी लग्नाला निघालेली असो, माफी नाही. हा गतिरोधक सरकारी मापाचा नव्हे. एका अपघातानंतर चिडून गावानेच घातलेला, शेताच्या बांधाएवढा. भरलेल्या गाडीचं पोट त्यावर घासायचं. म्हणून आम्ही चालत पलीकडे जायचो, हलकी झालेली गाडी हळूच बांध ओलांडून यायची आणि पुन्हा सगळे आत. सूट फक्त एकाला होती. "फेरी ज्याची, त्यानं उतरायचं न्हाई," हा आत्याचा कायदा. ज्याच्या कामासाठी गाडी निघाली असेल, त्याने पुढच्या सीटवर ऐटीत बसून राहायचं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीत हा कायदा कोर्टापेक्षा कडक पाळला जाई.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती गेली त्याला आता वर्ष होईल. राहुरीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत तिने सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "येळ न्हाई गावला" म्हणायची. अंगाने किडकिडीत, पण आवाज दोन वस्त्यांना पुरेल असा.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा सल्ले द्यायला अख्खं गाव मोकळं होतं. भाऊबंद म्हणाले, आपल्या रस्त्याला जीप बरी. कचेरीतले म्हणाले, एकट्या बाईला छोटी गाडी पुष्कळ. आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जपानी कंपनीची सेडान आणली. पांढरी, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. विहारासमोर उभी केली तेव्हा वडील हबकलेच. "अगं शके, ही सायेब लोकांची गाडी. आपल्या वढ्यातनं कशी जायची?"

"दादा, मी वढा बघून न्हाई घेतली. डिकी बघून घेतली."

डिकीची गोष्ट आम्हाला पाठ होती. कॉलेजसाठी पहिल्यांदा नगरच्या वसतिगृहात निघाली, तेव्हा आत्या जीपच्या मागे दांड्याला धरून लटकली होती आणि तिची पत्र्याची पेटी टपावर बांधलेली होती. भर बाजारात दोरी सुटली. पेटी रस्त्यावर आपटून उघडली. कपडे, पुस्तकं, आईने बांधून दिलेल्या भाकरी, सगळं धुळीत. "लोकं हासली त्याचं कायी न्हाई," ती सांगायची, "पन वस्तू उचलाया येक मानूस वाकला न्हाई. तवाच ठरवलं, आपल्या पोरीची पेटी टपावर जायची न्हाई, आन पोरगी लटकून जायची न्हाई."

म्हणून गाडी आल्यापासून वस्तीतली जी मुलगी शिकायला पहिल्यांदा बाहेर पडेल ती आत्याच्या गाडीतून, पुढच्या सीटवर, पेटी डिकीत. पहिली मीच. गतिरोधकाशी सगळे उतरले, मी एकटी बसून राहिले. शाळेच्या भिंतीपाशी बसलेली माणसं बघत होती, आणि लाजून माझी मान खाली गेली. आत्या कडाडली, "सुजा, मान वर कर! पेटी तुझी हाय, कुनाची चोरून न्हाई आनली." ती मान वर झाली ती झालीच. माझ्यामागून कुणी नर्सिंगला गेली, कुणी पोलीस भरतीला, कुणी शिक्षिका व्हायला.

पुढे लोकांना उंच गाड्यांची हौस लागली आणि कंपनीने आमची गाडी बनवायची बंद केली. मी पेपरातली बातमी वाचून दाखवली. आत्या चहा ओतत होती, ओतत राहिली. "त्यांनी बनवायची बंद केली. मी चालवायची कुठं बंद केलीय?" पण पुढे तिचे गुडघेच बंद पडले. मी पारनेरला बँकेत लागले होते. किल्ली माझ्या हातात आली. कायदा मात्र तिच्याच हातात राहिला.

आणि वस्तीतल्या विठाबाईची नात प्राजक्ता वकिली शिकायला पुण्याला निघायची होती, नेमक्या त्याच आठवड्यात गाडी बसली. पेट्रोलच्या टाकीतला पंप गेला. मेकॅनिकने हात वर केले. "हा पार्ट आता येतच न्हाई, आत्या." शेजारचा बाळू नवी उंच गाडी घेऊन दारात आला. "माझी घ्या. उतरायची भानगडच न्हाई."

"बाळू, तुझी गाडी लई झ्याक. पन मागच्या शिटा पाडल्याबिगर तिच्यात पेटी बसत न्हाई. मग पोरीची आई कुठं बसायची?"

तशीच गाडी पाथर्डीला एका निवृत्त डॉक्टरांच्या अंगणात, लिंबाखाली धूळ खात पडलीय असं कळलं. आत्या काठी टेकत मेकॅनिकला घेऊन एसटीने गेली. डॉक्टर म्हणाले, वडिलांची आठवण आहे, स्क्रूसुद्धा देणार नाही. आत्याने त्यांना पेटीची गोष्ट सांगितली. म्हणाली, "डागतर, तुमच्या वडलांची गाडी बसून हाय. तिचा पंप तरी पोरी पोचवाया जाऊ द्या." पंप मागच्या सीटखाली असतो; डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने ती सीट उचलून दिली.

निघायच्या सकाळी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. प्राजक्ता पुढे, मागे तिची आई, आजी आणि आत्या. गतिरोधकाशी मी थांबले, पण आत्या मागे असताना "उतरा" म्हणायची माझी छाती होईना. तिनेच काठी सावरत दार उघडलं. "बघत काय बसलीस? उतरा." आई आणि आजी दुसऱ्या बाजूने उतरल्या. मग पुढचं दार उघडून प्राजक्ताही उतरली आणि तिने आत्याचं दार बाहेरून लावून टाकलं.

"ये पोरी, खुळी का काय? फेरी तुझी हाय. बस आत!"

"न्हाई आत्या. आजवरच्या समद्या फेऱ्या तुमच्याच हुत्या. तुमी बसा."

तिघी पुढे चालत निघाल्या. मी गाडी हळू चढवली. आरशात पाहिलं तर आत्या सीटच्या मधोमध सरकली होती, पदर नीट केला होता, मान ताठ. भिंतीपाशी बसलेली माणसं बघत होती आणि ती त्यांच्याकडे सरळ बघत होती. माझ्या नोकरीचासुद्धा इतका अभिमान मला कधी वाटला नाही. गाडीचं पोट घासलं नाही. पलीकडे गेल्यावर मागून तिचा बसका आवाज आला.

"सुजा, खाली उतर आन डिकी नीट लागलीय का बघ."

मी उतरून बघितलं. घट्ट लागली होती.