हिंदीत बोल, निनाद

सुमेधा माझी बालमैत्रीण. काशीला पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. मी लग्न होऊन पुण्याला आले, ती काशीतच राहिली. आई-वडील गेले, भावंड नाही. आता ती एका मोठ्या हॉटेलात एचआर मॅनेजर आहे. म्हणजे काय, तर सगळ्यांची गाऱ्हाणी हिच्या कानात आणि जेवायला मात्र ही एकटी. ही आली की टेबलावरच्या गप्पा बंद!

मनमोकळं मराठी बोलायला तिला एकच घर उरलं होतं, प्रभावतीकाकूंचं. त्यांचा निनाद त्याच हॉटेलात साफसफाई विभागाचा मॅनेजर. दर चैत्रात काकूंकडे हळदीकुंकू असायचं आणि कैरीची डाळ वाटायचा मान सुमेधाचा. मिक्सरला हात लावायचा नाही, पाट्यावरच वाटायची, असा काकूंचा दंडक.

या फाल्गुनात हॉटेलातल्या एका पाहुणीची अंगठी हरवली. निनादनं काय करावं? खोल्या साफ करणाऱ्या शबनमची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली आणि तिला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी अंगठी पाहुणीच्याच पावडरच्या डब्यात सापडली. आता माणसानं लाजावं की नाही? हा सुमेधाला म्हणतो, "शबनमनं आपणहून नोकरी सोडली असं दाखव." चोर तो चोर, वर शिरजोर!

सुमेधानं शबनमला बोलावून घेतलं आणि दोघांना समोर बसवलं. निनादनं खुर्ची पुढे ओढून मराठीत सुरू केलं. "सुमे, घरातलं घरात मिटव गं. आईला काय वाटेल? चैत्र तोंडावर आलाय." हॉटेलात ही दोघं नेहमीच असं बोलायची, कुणाला कळत नाही म्हणून बिनधास्त. शबनम बिचारी एकदा याच्या तोंडाकडे बघे, एकदा हिच्या.

सुमेधा मला नंतर फोनवर म्हणाली, "मी काय बोलते, त्यावर काकूंचं दार उघडं राहणार की बंद होणार, ते ठरणार होतं गं."

पण ती बोलली. "निनादजी, हिंदी में कहिए. इन्हें भी समझना है."

निनादजी! लहानपणी ज्याचा शेंबूड पुसला, त्याला!

शबनमला नोकरी परत मिळाली. निनादला सगळ्यांसमोर तिची माफी मागावी लागली.

चैत्र आला, बोलावणं आलं नाही. काकू घाटावर समोरून आल्या आणि पदर सावरत दुसरीकडे वळल्या. मेला शिष्टपणा! लेकाचे कान धरायचे सोडून राग या पोरीवर? मी फोन करून काकूंना चांगलं सुनावणार होते, पण सुमेधानं शपथ घातली. म्हणाली, "आईनं मुलाची बाजू घ्यायची नाही तर कुणी?"

"आणि तुझी कुणी घ्यायची, बये?"

 

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"काय करतेयस?" मी विचारलं.

"डाळ वाटली. सवयीनं पातेलंभर झाली बघ."

"हॉटेलात ने उद्या."

"एचआरच्या हातचं कोण खातंय? शबनमसुद्धा लांबूनच सलाम करते. एचआरची लाडकी म्हणतील अशी भीती वाटते तिला. खरंय तिचं." ती हसली. मग हळूच म्हणाली, "फोन ठेवू नकोस. काहीही बोल, पण मराठीत बोल."

मग मी तिला आमच्या भाजीवालीशी झालेलं भांडण सांगत बसले. पलीकडे चमचा पातेल्याला लागत होता. ती पातेल्यातूनच खात होती.