फॅमिली गेम आणि चाळीसचा स्पीड

"मॅडम, हे काय चालवलंय तुमी? कॉम्प्युटरवर मडी चालत्यात आणि माझी सून त्यास्नी गोळ्या घालायलीया!"

आण्णा दारातच उभे होते. शिवाजी पेठेतल्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा चौदा टाइपरायटर एकदम खडखडायचे, त्यामुळे तिथे सगळेच ओरडून बोलायचे. आण्णा त्याहून वर ओरडत होते.

"आत या, बसा," मी म्हटलं. "तो खेळ आहे. टायपिंगचा."

"खेळ? माझं पोरगं जाऊन तीन वर्सं झाली. घरात मयताचा इषय काढत न्हाय आमी. आणि हितं ही मडी?"



सुरेखा त्यांची सून. गडमुडशिंगी गावाहून दोघं एसटीनं यायचे; तिचा क्लास संपेपर्यंत आण्णा बाहेर बसायचे. नवरा सरकारी ऑफिसात क्लार्क होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं, पण अट होती: ठरलेल्या मुदतीत टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची. मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस, म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द. मराठी टाइपरायटरवर जोडाक्षरांना तिची बोटं अडखळायची, म्हणून तिनं इंग्रजी घेतलं. टायपिंगला अर्थ कळायची गरज नसते. अक्षर दिसलं की बोट पडलं पाहिजे. ती दोनदा नापास झाली होती. आता एकच परीक्षा उरली होती आणि स्पीड बत्तीसवर अडकला होता.

त्यात अजित उगवला. मला कॉम्प्युटर पुरवणारा सेल्समन. चार कॉम्प्युटर बसवताना त्यानं एक सीडी फुकट दिली.

"टायपिंगचा फॅमिली गेम हाय, मॅडम. ल्हानापास्नं थोरापर्यंत कुणीबी खेळावं."

सीडीच्या डब्यावर 'फॅमिली गेम' असं स्टिकरही होतं. मी डबा उलटून पाहिला नाही. माझी पहिली चूक.

गेम असा: पडद्यावर एकेक मडं चालत येतं. छातीवर इंग्रजी शब्द असतो. मडं अंगावर येण्याआधी तो शब्द टाइप करायचा. प्रत्येक अक्षराला एक गोळी सुटते, शब्द संपला की मडं पडतं. मागून दुसरं येतंच. सुरेखा पहिल्या दिवशी किंचाळली. आठवड्यात तिचा स्पीड अडतीस झाला.

आण्णांना मी पडद्यासमोर खुर्ची दिली. ते वाकून बघू लागले.

"त्येच्या छातीवर काय लिवलंय?"

"ब्रेकफास्ट," मी म्हटलं. "म्हणजे न्याहारी."

"मड्याच्या छातीवर न्याहारी?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि ह्याला फॅमिली म्हणायचं?"

मी अजितला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत डब्यावरचं स्टिकर नखानं खरवडलं. खाली छापील इंग्रजीत लिहिलं होतं: सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी.

"अजित, हे स्टिकर कुणी लावलं?"

"दुकानात लावत्यात, मॅडम. सगळ्याच सीड्यांवर लावत्यात."

"माझ्याकडे दहावीची मुलं येतात!"

"पण सुरेखाताई सतराच्या वरच्या हाईत की."

 मग त्यानं उपाय सांगितला. सेटिंगमध्ये जाऊन रक्ताचा रंग हिरवा करता येतो. त्यानं तो केला आणि फार मोठं काम झाल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

आण्णा म्हणाले, "हिरवं रगात आलं म्हंजे मडं जित्तं झालं व्हय?"

शेवटी सुरेखाच मध्ये बोलली. तोवर ती खाली मान घालून बसली होती.

"आण्णा, ह्यातलं एकबी मडं मला आपल्या घरातलं वाटत न्हाय. पण नोकरी गेली तर घरात काय शिजवायचं ते सांगा."

 दुसऱ्या दिवसापासून आण्णा आत यायचे, पण पडद्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. दहावीच्या बॅचला मी गेम बंद केला. सुरेखाला चालू ठेवला. पंधरा दिवसांत पडद्यावर सेहेचाळीसचा आकडा आला. ज्याला-त्याला मी कौतुकानं सांगत सुटले.

मग परीक्षेआधी तीन आठवडे टाइपरायटरवर सराव-परीक्षा घेतली. तेव्हा खरी परीक्षा मशिनवरच असायची. दुसऱ्याच ओळीला खट्ट आवाज झाला. टाइपरायटरमध्ये प्रत्येक अक्षराची एक लोखंडी काडी असते. दोन बटणं एकदम दाबली की दोन काड्या एकमेकींत अडकतात. सुरेखानं काड्या सोडवल्या. पुन्हा अडकल्या. एका उताऱ्यात पाच वेळा. आणि कागदावर एकोणीस चुका.

मी तिला पुन्हा गेमवर बसवलं. या वेळी पडदा सोडून तिची बोटं बघितली. तेव्हा लक्षात आलं. चुकीचं बटण दाबलं तर गेममध्ये काहीच होत नव्हतं. गोळी सुटत नाही, एवढंच. बरोबर अक्षर सापडेपर्यंत कितीही बटणं बडवा. तिच्या बोटांनी नेमकं तेच शिकून घेतलं होतं. मशिनवर चुकलेलं अक्षर कागदावर उमटतं आणि परीक्षेत ते खोडता येत नाही.

मी स्टिकरवर आणि रक्तावर भांडत बसले आणि हे बघितलंच नव्हतं. स्वतःचाच एवढा संताप क्वचित आला असेल.

"आजपासून गेम बंद," मी म्हटलं. "मशिनवर बस. पंचवीसच्या स्पीडनं."

"पंचवीस?" ती उसळली. "मॅडम, तुमीच म्हणालासा की सेहेचाळीस झाला म्हणून!"

"माझं चुकलं."

ती रडवेली होऊन मशिनवर बसली. मी शेजारी उभी राहून लाकडी पट्टीनं टेबलावर ठोके दिले. एका ठोक्याला एक अक्षर, ना आधी ना नंतर. रोज दोन तास. शेजारच्या शिंप्यानं तक्रार केली, तरी ठोके चालूच ठेवले. अठ्ठावीस, तेहेतीस, सदतीस आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी चाळीस. आण्णा आता तोंड आमच्याकडे करून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मी पयल्यापास्नं म्हणत हुतो, त्यो खेळ वंगाळ हाय." त्यांचं कारण वेगळं होतं, पण निष्कर्ष बरोबर निघाला. याचा मला जास्तच त्रास झाला.

सुरेखा पास झाली. जेमतेम. दोन चुका आणखी झाल्या असत्या तर नोकरी गेली होती. निकाल कळला त्या दिवशी अजितही आला. "मॅडम, जाहिरातीत तुमचं नाव टाकू काय? आमच्या गेमवर इद्यार्थिनी पास म्हणून?" मी त्याला सीडी परत दिली आणि दार दाखवलं.

नंतर कितीतरी पालक गेमचे डबे घेऊन आले. "मॅडम, हा गेम मुलांना चालेल का हो?" प्रत्येकाला मी एकच सांगत आले: चित्रं तुम्हीच बघा, तेवढी अक्कल तुम्हाला आहे. विकणाऱ्याला मात्र इतकंच विचारा, खेळणारा चुकला तर हा गेम काय करतो?

आजवर एकाही दुकानदाराला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.