हात ओढणारा नळ

पाण्याच्या दिवशी आमच्या नळाच्या तोंडाला तळहात लावला, की नळ तो आत ओढतो. गल्लीच्या टोकाला चार मजली इमारत उभी राहिली आहे, तिची मोटर दांडगी आहे. बायको म्हणते, "पेपरात पत्र लिहा की. पूर्वी लई लिहायचात."

लिहायचो खरा. लागोपाठच्या त्या दुष्काळात जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढतच होतं. आठवड्यातून एकदा येणारं पाणी, टँकरवाल्यांची अरेरावी, कारखान्यांना पाणी अन् माणसांना आश्वासनं! पत्र छापून आलं की टपरीवर लोक म्हणायचे, "मास्तर, बरी जिरवली!" शाळेत गणित शिकवणारा मी, पण रुबाब संपादकाचा. आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट मात्र पत्रात कधी आली नाही. मी नळाला थेट मोटर जोडली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वर गोधडी टाकायचो.

इमारत आहे तिथं तेव्हा दोन खोल्यांचं घर होतं. त्यात अजिंठ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी एकटी राहायची. नवऱ्यामागं ती शहरात आली, नवरा गेला आणि एक शेळी तेवढी सोबतीला उरली. ती नळ उघडा ठेवून खाली रिकामा हंडा मांडायची. पहिला थेंब पडला की तिला आवाजानं कळायचं.

एका सकाळी ती आमच्या दारात आली. "मास्तर, माझा नळ हात वढतोय."

मला काही कळेना. ती मला घरी घेऊन गेली. हंडा कोरडा होता आणि नळातून सूं सूं आवाज येत होता. तिनं माझा हात धरून नळाला लावला, तसा तो आत खेचला गेला.

"आत काय हाये हो?" तिनं हळूच विचारलं. घाबरली होती बिचारी.

आत माझी मोटर होती. घरी गोधडीखाली चालू होती ती, आणि इथं माझ्याच तळव्याला कळत होती.

"हवा धरलीय पाइपात," मी म्हणालो.

"तुमच्याकडं येतंय का पाणी?"

"नाय येत, मावशी."

त्याच संध्याकाळी मी तिच्यावर पत्र लिहिलं. चांगलं उतरलं होतं, छापूनही आलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते कात्रण देवापाशी ठेवलं आणि गल्लीभर सांगत सुटली, "मास्तर माझ्यासाठी भांडला." ते ऐकूनही मी मोटर काढली नाही. लाज वाटायची, पण पाण्याच्या दिवशी बोट बटणावर जायचंच.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं आधी शेळी विकली. मग घरही विकलं आणि फुलंब्रीला भाचीकडं राहायला निघाली. रिक्षा थांबवून ती आमच्या दारात उतरली. हातात तोच हंडा होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"तुमच्याकडं बी येत नाय ना, मास्तर. नळाखाली ठेवा. थेंब पडला की कळंल."

गच्चीवरची आमची टाकी काठोकाठ भरलेली होती. मी दोन्ही हात पुढं केले आणि हंडा घेतला.