टेपखालची अक्षत

ती रायफलीची पितळी पट्टी आजही डोळ्यांसमोर आहे. तिने एका माणसाला सोडवलं. माझं एक काम मात्र तेव्हा अर्धंच राहिलं.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. पिंपरी पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हद्दीतल्या एका लहान कारखान्यात मासेमारीच्या बोटींचे वायरलेस सेट आणि एरियल तयार होत. दिवाळीनंतर कोकणातून तक्रारी येऊ लागल्या. सेटचा दिवा लागतो, पण बोटीवरून बोललेलं बंदरात पोचत नाही. एका बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. बोट चालवणारा तांडेल सेटवरून मदत मागत राहिला, कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसरी एक बोट योगायोगाने जवळून गेली म्हणून माणसं वाचली.

मॅनेजर अर्ज आणि परत आलेली एक केबल घेऊन ठाण्यात आले. केबल एरियलला जोडतात तो पितळी सांधा आतून हिरवा पडला होता.

"टेप गुंडाळून सीलबंद गेलेला माल आहे. समुद्राचं पाणी आत शिरूच शकत नाही. कुणीतरी ॲसिड टाकलंय," ते म्हणाले. बिघडलेला सगळा माल खंडेनवमीच्या दिवशी टेबलावर होता, हेही त्यांनीच सांगितलं.

पाठोपाठ निनावी फोन आला. "टेस्टिंगवाल्याला उचला साहेब. पूजा झाल्यावर सगळे प्रसादाला बाहेर, ह्यो एकटाच आत. टिळासुदिक लावला न्हाई त्यानं."

सेट आणि केबल तपासणारा तो कामगार तिशीचा होता, बौद्ध कुटुंबातला. मी त्याला बोलावून घेतलं.

"आत एकटा काय करत होतास?"

"रीडिंग घ्यायचं राहिलं होतं, साहेब."

"टिळा का नाही लावलास?"

"आमच्यात पूजा करत नाहीत. मागं उभा होतो. पेढा आणून दिला, तो खाल्ला."

"कंपनीवर राग आहे?"

"राग असता तर सणाच्या दिवशी ओव्हरटाइम कशाला केला असता?"

उत्तर सरळ होतं. मला ते उर्मट वाटलं आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशीही त्याला सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं. स्टेशन डायरीत नोंद केली नाही. कंपनीने त्याला कामावरून थांबवलं होतं.

पण काहीतरी खटकत होतं. पाठ केलेला जबाब प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येतो, हा माझा अनुभव. हा माणूस दर वेळी वेगळ्या शब्दांत तीच गोष्ट सांगत होता.

त्याच दुपारी हत्यारांची तपासणी होती. रायफली ओळीने मांडलेल्या. एकीच्या दस्त्याला खाली जी पितळी पट्टी असते, तिच्या स्क्रूभोवती हिरवं धरलेलं दिसलं. आमचा हवालदार मावळातला, जुना माणूस.

"हे काय?" मी विचारलं.

"खंडेनवमीचं नारळपाणी हाय साहेब. पूजा झाली की आमी समद्या पुसून तेल देतो. ही एक राहिली म्हनायची."

"नुसत्या नारळपाण्यानं?"

"पितळ खायाला आनखी काय लागतंय?"

मी बाकाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

तसाच कारखान्यात गेलो. खंडेनवमीच्या त्याच मालातल्या काही सीलबंद केबली स्टोअरमध्ये शिल्लक होत्या. एकीची टेप ब्लेडने कापायला लावली. सांधा हिरवा, कडेला कुंकवाचा ओघळ, आणि ग्रीसमध्ये रुतलेला अक्षतेचा एक पिवळा तांदूळ.

"नारळ कुणी फोडला होता?" मी विचारलं.

मॅनेजरांनी चष्मा काढला. "मीच. सांधे पूजेसाठी उघडे मांडले होते. सुट्टीनंतर पोरांनी वरून टेप गुंडाळली."

पूजेच्या दिवशी पितळ अजून खाल्लं गेलं नव्हतं, म्हणून रीडिंग बरोबर आलं. टेपखाली ओल कोंडली, पितळ खात गेली, आणि बोटीवरचा आवाज एरियलपर्यंत पोचण्याआधीच त्या सांध्यात जिरू लागला. पुढे नियम झाला: सांधा पुसायचा, वाळवायचा, ग्रीस लावायचं, मगच टेप. बोटी पुन्हा बोलू लागल्या. तपास मी बरोबर केला, हे आजही ठामपणे सांगेन.

निघताना मॅनेजर हळूच म्हणाले, "साहेब, पूजेचं कागदावर नको." गुन्हा अजून दाखल नव्हता, नुसता अर्ज होता. मी तसा शब्द दिला, 'उत्पादनातील दोष' असा शेरा मारला आणि अर्ज दप्तरी दाखल केला.

टेस्टरला सोडताना त्याने एकच मागितलं. "एकदा कारखान्यात, आमच्या खात्यात येऊन चार माणसांसमोर सांगा साहेब, यानं काही केलं नाही म्हणून."

"येतो," मी म्हणालो. गेलो नाही. आधी बंदोबस्त होता, मग बदली झाली. खरं सांगायचं तर मॅनेजरांना शब्द देऊन बसलो होतो, आणि मारलेल्या माणसाशेजारी उभं राहायची लाजही वाटत होती. कंपनीने त्याला परत घेतलं. पण खात्यात त्याचं नाव 'ॲसिडवाला' पडलं, आणि त्याने नोकरी सोडली, असं नंतर कानावर आलं.

रांगेपासून जरा बाजूला उभा असलेला माणूस संशयाला सगळ्यात सोपा सापडतो. या प्रकरणाने मला ते शिकवलं, आणि पुढच्या नोकरीत निनावी फोन आला की आधी मी फोन करणाऱ्याचा विचार करू लागलो. त्या टेस्टरला याचा काही उपयोग झाला नाही.

त्या खात्यात तेव्हा काम केलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्यांना सांगायचं राहिलेलं आज सांगतो. ते ॲसिड नव्हतं, नारळाचं पाणी होतं. आणि ते शिंपडणारा हात त्याचा नव्हता.