अर्ध्या नावाचं पाकीट

नगरला एका सर्जन डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मी गेली बारा वर्षं काम करते आहे. आधी मला सगळे रिसेप्शनिस्ट म्हणायचे, आता मॅनेजर म्हणतात. काम फारसं बदललेलं नाही. पेशंटचे नंबर लावायचे, फाइली काढायच्या, तपासणीचे नमुने लॅबला पाठवायचे, आलेले रिपोर्ट लावून ठेवायचे, ऑपरेशन थिएटरचं सामान संपायच्या आत मागवायचं, आणि बाकांवर बसलेल्या माणसांचा धीर सुटू द्यायचा नाही. शेवटचं काम कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं, पण दिवस त्यातच जातो.

हे सगळं मला भिंगारच्या एका सिस्टरनं शिकवलं. मिशनच्या दवाखान्यात सगळी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि डॉक्टरबाईंनी त्यांना आग्रहानं आमच्याकडे आणलं होतं. आम्हीही भिंगारचेच, माझे वडील कॅन्टोन्मेंटमध्ये क्लार्क होते. त्यामुळे आम्ही दोघी सकाळी एकाच रिक्षानं यायचो आणि माझी निम्मी शिकवणी रिक्षातच व्हायची.

"पेशंटचं नाव तू कधी सांगायचं नाही," त्या म्हणायच्या. "त्याच्या तोंडून पूर्ण नाव यायला हवं. तू 'अमुकच ना?' असं विचारलंस की घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

गुडघे दुखायला लागले तेव्हा सिस्टरनी काम सोडलं. रिपोर्टच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि माझी मूठ त्यांनी स्वतःच्या हातानं मिटवली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका मंगळवारी, मी तोच नियम मोडला.

पारनेर तालुक्यातल्या, राळेगणसिद्धीच्या बाजूच्या एका लहान गावची मावशी रिपोर्ट न्यायला आली होती. साठीच्या पुढची, अंगानं किडकिडीत, हातात कापडी पिशवी. छातीत गाठ होती म्हणून डॉक्टरबाईंनी सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला होता. तिचा नवरा जनावरांची पेंड आणायला मार्केट यार्डात गेला होता, म्हणून ती एकटीच टेबलापाशी उभी होती. तिच्या मागे रांग होती, फोन वाजत होता, आणि एका माणसाचं बँडेज रक्तानं भिजल्यामुळे त्याची बायको माझा खांदा हलवत होती.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

तिनं स्वतःचं नाव सांगितलं, मग आडनाव सांगितलं. मधलं नाव मात्र गाळलं, आणि पदर तोंडाशी धरून हसली. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला नवीन नव्हतं. अशा वेळी मी गाव विचारते, सोबतच्या माणसाला विचारते, फाइल काढून बघते. त्या दिवशी मी तसं केलं नाही. कपाटातल्या खोक्यात त्या नावा-आडनावाचं एक पाकीट वरच सापडलं. त्यावरचं मधलं नाव मीच मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हेच ना?"

तिला थोडं कमी ऐकू यायचं. ती म्हणाली, "व्हय."

डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये होत्या. मावशीला बस गाठायची होती. मी आत फोन लावला, नर्सनं तो डॉक्टरबाईंच्या कानाशी धरला, आणि मी रिपोर्ट वाचून दाखवला. साधी गाठ, कॅन्सर नाही. "छान झालं, सांगा त्यांना," डॉक्टरबाई म्हणाल्या, "महिन्यानं दाखवायला बोलवा."

पाकीट हातात देऊन मी सांगितलं तेव्हा मावशीनं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मलाही बरं वाटलं. चांगली बातमी सांगायला मिळणं हे आमच्या कामातलं सुख असतं.

शुक्रवारी एक चाळिशीची शिक्षिका आली. तिनं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या नावासकट. नाव आणि आडनाव तेच. मी पाकीट काढलं आणि त्यावरचं मधलं नाव वेगळं दिसलं. क्षणभर मला वाटलं, लॅबची चूक असेल. मग दोन्ही फाइली काढून शेजारी शेजारी ठेवल्या. मंगळवारी मी मावशीला या बाईंचा रिपोर्ट दिला होता. मावशीचा माझ्या हातात होता.

शिक्षिकेला पाणी देऊन बसवलं आणि मी आत गेले. डॉक्टरबाईंनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

"मावशींना कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "लवकर सापडलाय. पण त्या घरी निश्चिंत बसल्या आहेत."

मी म्हणाले, "मॅडम, मी नाव विचारलं नाही. मी सांगितलं."

"आणि गाठ डावीकडची की उजवीकडची, ते मी फोनवर विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "रडायचं नंतर बघू. आधी फोन लावा."

फाइलवर एकच नंबर होता, मावशीच्या मुलाचा. तो चाकणला कंपनीत होता. नंबर बंद लागत होता, पुन्हा पुन्हा. लॅबकडून शिक्षिकेच्या रिपोर्टची प्रत मागवली, डॉक्टरबाईंनी झालेली चूक तिला स्वतः सांगितली, आणि ती सुटकेनं रडत घरी गेली. मग मी पर्स उचलली.

"मी जाऊन येते," मी म्हणाले.

"आजार काय आहे ते तिथं सांगू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते मी सांगीन, समोर बसून. तुम्ही फक्त चूक सांगा आणि त्यांना घेऊन या. मी थांबते."

सुप्यापर्यंत एसटीनं गेले आणि तिथून जीपनं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते. गावात विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर पोचले, तेव्हा मावशी गोठ्यासमोर गायीला घास टाकत होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"अवो, इकडं कुठं? या, या," ती म्हणाली आणि घराकडं वळून ओरडली, "अवो, आयकलं का? दवाखान्यातल्या बाई आल्यात!" नवरा बाहेर आला. उंच, वाकलेला, डोक्याला टोपी. मावशीनं घाईनं चहा टाकला, पाणी जवळजवळ नाहीच, नुसत्या दुधाचा.

"रिपोट चांगला आला म्हनून काल खंडोबाला नारळ फोडला," ती सांगत होती. "तुमच्या नावानं बी एक फोडला."

मी कप खाली ठेवला. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना.

"मावशी, माझ्या हातून चूक झाली. मंगळवारचा कागद तुमचा नव्हता. तुमच्याच नावाच्या दुसऱ्या बाईंचा होता. मी नीट बघितलं नाही."

ती बघत राहिली. तिला ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. आयुष्यात एवढं अवघड वाक्य दोनदा बोलायची वेळ माझ्यावर पुन्हा आलेली नाही.

"मंग आमचा कुठं हाय?" नवऱ्यानं विचारलं.

"डॉक्टरांकडं आहे. त्या तुमची वाट बघतायत. आज चला माझ्याबरोबर."

"वाईट हाय का?"

"त्यात काय आहे ते डॉक्टरच सांगतील. मी सांगणं बरोबर नाही. पण चला, आजच चला."

ते दोघं समजायचं ते समजले. नवरा उठून आत गेला. गोठ्यात गाय दावं ओढत होती. मावशीनं मला विचारलं, "जिचा कागद हुता, ती बरी हाय ना?"

"बरी आहे."

"तेवढं तरी झालं. ल्येकरंबाळं असत्याल तिला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी रडू नका. चहा गार हुतोय."

नवरा धुतलेलं धोतर आणि दुसरी टोपी घालून बाहेर आला. शेजारणीला गायीचं सांगितलं आणि आम्ही निघालो. एसटीत मावशी आमच्या दोघांच्या मधे बसली. तिनं माझा हात धरला होता. मी तिला धीर द्यायला गेले होते, पण नगर येईपर्यंत अंगठ्यानं माझा हात कुरवाळत होती तीच.

डॉक्टरबाई दार लावून अर्धा तास त्यांच्याशी बोलल्या. आधी माफी मागितली, मग आजार सांगितला, मग कागदावर चित्र काढून उपचार समजावले. नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला, "चार दिस वाया गेले, त्यानं काय बिघडलं का?"

"नाही बिघडलं," त्या म्हणाल्या. "महिना गेला असता तर बिघडलं असतं. म्हणून या बाई धावत आल्या."

ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. नंतरची औषधं लांबली. मावशीचे केस गेले, जेवण जाईना. त्या दिवसांत मी तिच्या प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी फोन करायचे, आता मुलाच्या, सुनेच्या आणि शेजारणीच्या अशा तीन नंबरांवर.

मावशीला घेऊन आले त्या शुक्रवारनंतरच्या रविवारीच मी सिस्टरकडे गेले होते. त्या नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. "मग सोमवारपासून काय बदलणार आहेस?" एवढंच विचारलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही ते ठरवलं. प्रत्येक पेशंटला एक क्रमांक, तोच फाइलवर आणि तोच लॅबच्या पाकिटावर. नावाबरोबर गाव आणि वय. जिला नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही तिच्यासमोर फाइल ठेवायची आणि सोबतच्या माणसाकडून वदवून घ्यायचं, सोबत कोणी नसेल तर माणूस येईपर्यंत थांबायचं. आणि डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जायचा नाही, मग कोणाची बस सुटो. डॉक्टरबाईंनी ते सगळं मान्य केलं आणि खाली सही केली.

मी राजीनामा लिहून ठेवला होता, तो दिला नाही. द्यायला हवा होता का, हा प्रश्न मला अजूनही कधीतरी पडतो.

मावशी बरी झाली. आधी तीन महिन्यांनी यायची, मग सहा. मागच्या वेळी डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "आता वर्षानं आलात तरी चालेल." ती बाहेर आली ती जरा नाराज होऊनच.

"मधी नुसतं भेटाया आले तर चालंल का?" तिनं मला विचारलं.

"चालेल की. नंबर लावावा लागणार नाही."

दोन महिन्यांनी ती खरोखरच आली, नवऱ्याबरोबर बाजाराला आली होती तेव्हा. मी तिला माझ्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. गर्दी होती, त्यामुळे मला दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. ती अर्धा तास बसून मी काय करते ते बघत राहिली. एकाला नाव विचारलं, एकाला गाव विचारलं, एका म्हाताऱ्याला दोनदा विचारलं. मग ती उठली, पिशवी काखेला अडकवली आणि म्हणाली, "लई बोलावं लागतं वो तुमाला. घसा जपा."

मी हसले, आणि पुढच्या माणसाची फाइल काढायला वळले.